हुकूम आणि तामील

कारभाराच्या जुन्या भाषेत हुकूम आणि तामील हे दोन वेगळे शब्द आहेत. हुकूम सुटला म्हणजे तो अमलात आला असे नाही. यंत्रांच्या कारभारात हा भेद पुसला गेला की काय होते, याचा सर्वांत महाग पडलेला धडा अमेरिकेतील पेनसिल्व्हेनिया राज्यात मिळाला.

२८ मार्च १९७९. सस्क्वेहाना नदीतील थ्री माइल आयलंड या बेटावरच्या दुसऱ्या अणुभट्टीचे पाणी पुरवणारे पंप पहाटे चारच्या सुमारास बंद पडले. दाब वाढला, तो उतरवणारी झडप आपोआप उघडली, आणि काही सेकंदांत अणुभट्टीही बंद झाली. दाब उतरताच झडप मिटायला हवी होती. तसा विद्युत-संकेत गेलाही. पण झडप अडकून उघडीच राहिली. नियंत्रण कक्षातला तिचा दिवा मात्र विझला. झडप उघडणाऱ्या सॉलेनॉइडला वीज मिळते आहे की नाही, एवढेच तो दिवा दाखवत असे; झडपेच्या प्रत्यक्ष स्थितीशी त्याचा संबंध नव्हता. दिवा हुकमाचा होता. ऑपरेटरांनी तो तामिलीचा मानला.

अणुभट्टी थंड ठेवणारे पाणी त्या झडपेतून निसटत राहिले. दाब राखणाऱ्या टाकीत पातळी चढती दिसत होती, म्हणून ऑपरेटरांनी आपत्कालीन पाण्याचा ओघ कमी केला. पहिल्या काही मिनिटांतच शंभराहून अधिक धोक्याच्या सूचना आल्या. त्या नोंदवणारा संगणकाचा प्रिंटर पुढे घटनांच्या दोन तासांहून अधिक मागे पडला. गळलेले पाणी जमा होणाऱ्या टाकीचा मापक फलकाच्या मागच्या बाजूला होता. तेथे उभ्या माणसांना तो दिसत नव्हता. सुमारे दोन तास वीस मिनिटांनी त्याच वाटेवरची दुसरी झडप बंद करण्यात आली. गाभ्यावरचे पाणी तोवर बरेच घटले होते. सुमारे निम्मा गाभा वितळल्याचे पुढील काही वर्षांत स्पष्ट झाले.

दोष कोणाचा? राष्ट्राध्यक्ष कार्टर यांनी नेमलेल्या आयोगाचे अध्यक्ष होते बेसिक या संगणकभाषेचे एक जनक, जॉन केमेनी. आयोगाने ऑपरेटरांच्या चुका सांगितल्या. पण अपुरे प्रशिक्षण, संदिग्ध कार्यपद्धती आणि नियंत्रण कक्षाची सदोष रचना यांवरही बोट ठेवले. शिवाय पूर्वसूचना मिळालेली होती. सप्टेंबर १९७७ मध्ये ओहायोतील डेव्हिस-बेसी केंद्रात, त्याच कंपनीच्या अणुभट्टीत, अशीच झडप अडकली होती. तेथील ऑपरेटरांनी सुमारे वीस मिनिटांत ते ओळखले. त्यांचा अनुभव थ्री माइल आयलंडच्या ऑपरेटरांपर्यंत पोचला नाही.

अपघातानंतर नियामकांनी अशा झडपांची स्थिती थेट दाखवणे सक्तीचे केले. दूरवरच्या वीज उपकेंद्रांवर देखरेख ठेवणाऱ्या ‘स्काडा’ प्रणालींमध्येही हुकूम आणि परिणाम यांची वेगळी नोंद ठेवली जाते. त्यांच्यासाठी ठरलेल्या आयईसी ६०८७०-५-१०१ या आंतरराष्ट्रीय संदेशभाषेत हुकूम स्वीकारल्याची पोच एक, हुकमाचे काम संपल्याची पोच दुसरी. शिवाय उपकरणाची स्थिती बदलल्याचा संदेश स्वतंत्र, आणि त्यात बदलाचे कारणही अंकात लिहिलेले: ३ म्हणजे आपोआप, ११ म्हणजे दुरून आलेल्या हुकमामुळे, १२ म्हणजे जागेवरच्या हुकमामुळे. ठरलेल्या वेळेत अपेक्षित स्थितीची बातमी आली नाही, तर प्रणालीला ऑपरेटरला सावध करता येते.

मात्र ही बातमी देणाराही खरा असावा लागतो. २०१० मध्ये उघडकीस आलेल्या स्टक्सनेट या संगणक-विषाणूने आधी टिपून ठेवलेली निर्धोक मोजमापे पुन्हा दाखवण्याची युक्ती साधली होती. थ्री माइल आयलंडचा दिवा खोटे बोलला नव्हता. त्याला विचारलेला प्रश्नच वेगळा होता. स्टक्सनेटने योग्य प्रश्नालाही खोटे उत्तर देऊन दाखवले. म्हणून आज तामिलीची साक्ष एकाच तारेवर सोडत नाहीत. झडपेचा स्पर्शक, पुढच्या नळीचे तापमान आणि टाकीतली पातळी, या तिघांची जबानी जुळते का, हे पाहावे लागते.