घरगुती मिलिंग यंत्र

घरगुती मिलिंग यंत्र म्हणजे कारखान्यात तयार झालेले यंत्र विकत न घेता भंगार, बाजारात सहज मिळणारे लोखंडी भाग आणि क्वचित स्वतः केलेले ओतकाम यांच्या आधारे घरी बांधलेले मिलिंग यंत्र. लेथवर जॉब फिरतो व हत्यार त्याच्याकडे सरकवले जाते. मिलिंगमध्ये याच्या उलट, अनेक दातांचे कर्तक फिरते आणि टेबलावर घट्ट आवळलेला जॉब त्याच्यासमोरून सरकतो. सपाट पृष्ठभाग, खाचा, चावी बसवण्याचे गाळे, दंतचक्रांचे दात अशी लेथवर सहज न होणारी कामे यावर होतात. वाफेच्या इंजिनांच्या चालत्या प्रतिकृती करणारे हौशी कारागीर, अभियांत्रिकीचे विद्यार्थी आणि लहान दुरुस्ती कार्यशाळा यांच्यात अशी यंत्रे बांधण्याची परंपरा आहे. ब्रिटनमध्ये 1898 साली सुरू झालेल्या ‘मॉडेल इंजिनिअर’ या नियतकालिकाने ती दीर्घकाळ जोपासली.

दृढतेचा प्रश्न

मिलिंग यंत्र बांधणाऱ्याचे पहिले अंदाजपत्रक बहुधा मोटरीच्या किमतीपासून सुरू होते. प्रत्यक्षात लहान यंत्राला अर्धा ते एक अश्वशक्तीची जुनी मोटर पुरते, आणि ती मिळवणे हा सर्वांत सोपा भाग असतो. खरी अडचण दृढतेची असते. मिलिंगमध्ये काप अखंड नसतो. प्रत्येक दात धातूत शिरताना धक्का देतो आणि सुटताना भार एकदम कमी होतो. या धक्क्यांनी सांगाडा वाकला की कर्तक थरथरते, पृष्ठभागावर लाटा उमटतात आणि कर्तकाचे दात तुटतात.

एका टोकाला धरलेल्या दांड्याचा वाक त्याच्या लांबीच्या घनाच्या प्रमाणात वाढतो. त्यामुळे स्तंभापासून स्पिंडलपर्यंतचे अंतर दुप्पट केले, तर तेवढ्याच भाराखाली वाक आठपट होतो. उलट, वाकण्याच्या दिशेने दांड्याची जाडी दुप्पट केली की वाक एक-अष्टमांश उरतो. कमी खर्चात यंत्र बांधणाऱ्याला या एका नियमातून बरेच काही मिळते. आखूड, बुटके व जाड यंत्र साध्या मालाचे असले तरी चालते. उंच व लांब हाताचे यंत्र मात्र उत्तम पोलादाचे असूनही निराशा करते. मोठे टेबल आणि भरपूर सरक हवी हा मोह नवशिक्याला सहसा आवरत नाही, आणि अपुरी राहिलेली बरीच यंत्रे त्याच मोहाची फळे असतात.

ड्रिलिंग यंत्राचे रूपांतर

सर्वांत स्वस्त वाटणारा मार्ग म्हणजे भोके पाडण्याच्या उभ्या यंत्राखाली दोन दिशांना सरकणारे टेबल बसवणे. हा मार्ग धोक्याचा आहे. ड्रिलवर येणारा भार मुख्यतः उभा असतो व यंत्राची बेअरिंगे त्याच हिशेबाने बसवलेली असतात. मिलिंगचा भार आडवा असतो. शिवाय ड्रिलचा चक अनेकदा केवळ शंकूच्या घर्षणावर अडकलेला असतो. उभ्या दाबाने तो अधिक घट्ट होतो, पण आडव्या धक्क्यांनी हळूहळू सुटतो. तो सुटला तर कर्तकासह फिरत फिरत टेबलावर पडतो. मिलिंग यंत्रात म्हणूनच स्पिंडलच्या आरपार जाणारा ओढदांडा शंकूला वरून आवळून धरतो. चकचे तीन जबडे कर्तकाच्या दांड्याला तीन रेषांतच स्पर्श करतात, त्यामुळे कर्तक घसरत खाली येते व काप नकळत खोल जातो. त्यासाठी दांड्याला सर्व बाजूंनी वेढणारे कॉलेट वापरावे लागते.

ज्याच्याकडे लहान लेथ आहे, त्याला लेथच्या स्पिंडलमध्ये कर्तक धरून व सरकपट्टीवर उभी स्लाईड बसवून लहान कामे सुरक्षितपणे करता येतात. जागा कमी मिळते, पण लेथची बेअरिंगे आडव्या भारासाठीच असतात.

गिंजरी यांची पद्धत

पैशाऐवजी श्रम घालून यंत्र कसे उभे करावे याचे सर्वांत परिचित उदाहरण अमेरिकेतील मिझुरी राज्यातले डेव्हिड जे. गिंजरी (1932–2004) यांचे आहे. 1980 च्या दशकाच्या सुरुवातीपासून त्यांनी भंगारातून धातुकामाची संपूर्ण कार्यशाळा उभारण्यावर सात पुस्तकांची मालिका लिहिली. या मालिकेतले पहिले पुस्तक कोळशाच्या लहान भट्टीचे, दुसरे लेथचे, तिसरे शेपरचे आणि चौथे मिलिंग यंत्राचे आहे. पुढील पुस्तकांत ड्रिलिंग यंत्र, विभाजन शीर्ष आणि पत्रा वाकवण्याचे यंत्र येते.

या क्रमातच पद्धतीचे मर्म आहे. भट्टीतून निघालेल्या ओतीव भागांवर कानस, हातड्रिल व खरवडणी चालवून लेथ होतो. लेथ अर्धवट उभा राहिला की त्याचे उरलेले भाग त्याच्यावरच कापले जातात. लेथमुळे शेपर शक्य होतो, आणि मिलिंग यंत्राची पाळी येईपर्यंत कारागिराजवळ दोन यंत्रे व बराच सराव जमा झालेला असतो. गिंजरी यांनी धातू म्हणून अॅल्युमिनियम निवडले, कारण ते सुमारे 660 अंश सेल्सिअसला वितळते व भंगारातले पिस्टन किंवा इंजिनाची झाकणे त्यासाठी चालतात. बीड वितळण्यास याहून सुमारे 500 अंश अधिक तापमान लागते व घरगुती भट्टीत ते गाठणे कठीण असते. मात्र अॅल्युमिनियमची ताठरता पोलादाच्या सुमारे एक-तृतीयांश असते व ते लवकर झिजते. म्हणून लेथच्या ओतीव पायावर सरकमार्ग म्हणून पोलादी पट्ट्या बोल्टने बसवल्या जातात. अशा यंत्रावर हलके काप घ्यावे लागतात. या मार्गाला पैसा थोडा लागत असला तरी वेळ फार जातो. ज्याला केवळ यंत्र हवे आहे, त्याला जुने लहान यंत्र विकत घेणे अनेकदा स्वस्त पडते.

इंजिन ब्लॉक आणि काँक्रीट

पॅट डेलनी यांनी प्रसृत केलेल्या ‘मल्टिमशीन’ या आराखड्यात मोटारीचा टाकाऊ इंजिन ब्लॉक हाच यंत्राचा पाया असतो. ब्लॉक बिडाचा, जड व कंप शोषणारा असतो. त्याचे सिलिंडर एकमेकांना समांतर व वरच्या पृष्ठभागाशी काटकोनात अचूक कापलेले असतात, म्हणजे घरी सर्वांत कठीण जाणारी भूमिती भंगाराच्या भावात मिळते.

काँक्रीटचा वापरही जुना आहे. पहिल्या महायुद्धात तोफगोळ्यांसाठी यंत्रांचा तुटवडा पडला, तेव्हा अमेरिकी अभियंता ल्युसियन येओमन्स यांनी काँक्रीटच्या पायाचे लेथ बांधले. काँक्रीट पोलादाहून बरेच कमी ताठर असले तरी ते स्वस्त असल्याने जाडी वाढवून ही उणीव भरून काढता येते. ते वाळताना काही आठवडे आकसत राहते, म्हणून सरकमार्ग नंतर बसवून खालची फट न आकसणाऱ्या मसाल्याने भरतात. वेल्डिंगने जोडलेल्या चौकोनी नळ्यांचा सांगाडा लवकर होतो, परंतु वेल्ड थंड होताना चौकट ओढली जाते व तिला पीळ पडतो. म्हणून सपाट लागणारे पृष्ठभाग वेल्डिंग संपल्यावरच तयार करावे लागतात.

अचूकता कोठून येते

अचूक यंत्राशिवाय अचूक यंत्र कसे बांधायचे, या कोड्याचे उत्तर हाताच्या कामात आहे. जोसेफ व्हिटवर्थ यांनी 1840 साली सपाट धातुपृष्ठ तयार करण्याच्या पद्धतीवर निबंध वाचला. तीन पाट्यांवर आळीपाळीने रंग लावून त्या जोडी-जोडीने एकमेकींवर घासायच्या आणि रंग उमटलेले उंचवटे खरवडायचे, अशी ही रीत आहे. दोनच पाट्या घेतल्या तर एक फुगीर व दुसरी खोलगट होऊनही त्या परस्परांत नेमक्या बसतात. तिन्ही एकमेकींशी जुळल्या, तरच तिन्ही सपाट असतात. औद्योगिक प्रशिक्षण संस्थांतील फिटर अभ्यासक्रमात कानसकाम व खरवडकाम शिकवले जाते. हे कौशल्य आलेल्याचा खर्च पुष्कळ कमी होतो.

टेबल सरकवण्यासाठी महाग स्क्रूऐवजी बाजारातला आटे पाडलेला सळईचा तुकडा चालतो. 16 मिलिमीटरच्या प्रमाण मेट्रिक आट्यात एका फेऱ्याला टेबल 2 मिलिमीटर सरकते, त्यामुळे तबकडीवर 100 भाग पाडले की एका भागाला 0.02 मिलिमीटर असा सोपा हिशेब बसतो. नटातील ढिलेपणा दोन नट एकमेकांविरुद्ध ताणून घालवतात. ढिलेपणा उरला तर कर्तक जॉबला स्वतःकडे खेचते, म्हणून सरक नेहमी कर्तकाच्या फिरण्याच्या विरुद्ध दिशेने दिली जाते.

तीन ठिकाणी मात्र काटकसर महाग पडते: स्पिंडलची बेअरिंगे, कॉलेट आणि डायल गेज. वाहनांच्या चाकांत असतात तशी टेपर रोलर बेअरिंगे उलटसुलट जोडीने, किंचित ताणून बसवली तर आडवा व उभा असे दोन्ही भार पेलतात, आणि तीही नवी घेण्याइतकी स्वस्त असतात. डायल गेज स्पिंडलला बांधून टेबलावर गोल फिरवले की स्पिंडल टेबलाला काटकोनात आहे की नाही हे कळते. हे मोजण्याचे साधन नसेल, तर खरवडण्यात घालवलेल्या महिन्यांचा उपयोग झाला की नाही हे समजण्यास मार्ग उरत नाही.

वेग व सुरक्षितता

साध्या पोलादासाठी हायस्पीड स्टीलच्या कर्तकाचा कर्तनवेग मिनिटाला सुमारे 25 मीटर धरतात. 10 मिलिमीटर व्यासाच्या कर्तकासाठी तो मिनिटाला सुमारे 800 फेरे होतो. मोटर सहसा 1,400 फेऱ्यांची असल्याने पायऱ्यांच्या कप्प्या व पट्टा लागतोच. पट्ट्यावर जाळी हवी.

ओतकामात साचा किंवा अवजार ओले असले तर पाण्याची क्षणात वाफ होऊन वितळलेला धातू उडतो. जस्ताचा मुलामा असलेले भंगार तापवल्यास विषारी धूर निघतो. यंत्र चालवताना हातमोजे, ओढणी किंवा सैल बाही कर्तकात अडकू शकते, तर डोळ्यांवर चष्मा नसल्यास गरम कीस डोळ्यात जातो. भारतात वीज जाऊन अचानक परत येणे नेहमीचे असल्याने साध्या बटणाऐवजी वीज गेल्यावर आपोआप बंद होणारा व हाताने दाबल्याशिवाय पुन्हा सुरू न होणारा स्टार्टर बसवतात. लोखंडी सांगाड्याला अर्थिंग जोडणे आवश्यक असते.