पलटणीतील बिऱ्हाडांचा शनिवार आणि रविवार

बेने इस्राएल समाजाच्या इतिहासात पलटणीचा विषय निघाला की आपण ताबडतोब सुभेदार, सरदार बहादूर, पदके आणि लढाया यांची यादी सांगू लागतो. ही यादी अभिमानाची आहे यात शंका नाही. कोकणातील तेलाचे घाणे सोडून आपले पूर्वज अठराव्या शतकात मुंबईला आले आणि कंपनी सरकारच्या पलटणीत भरती झाले. पुढे सव्वाशे वर्षे आपल्या कित्येक घरांतून बापामागे मुलगा पलटणीत जात राहिला. परंतु त्या सुभेदारांच्या आणि शिपायांच्या घरी बायका होत्या, लहान मुले होती. ती मुले सुट्टीच्या दिवशी कोठे जात, कोणाच्या बोटाला धरून जात, बरोबर शिदोरी काय असे, याचा विचार आपण फारसा करीत नाही. या लेखात आम्ही तोच विचार करणार आहोत. कारण मशीद लांब, गाव लांब, अशा स्थितीत आपला धर्म आणि आपली माणसे टिकली ती पुष्कळ अंशी या लहान लहान फेऱ्यांमुळे, असे आमचे मत आहे.

आपल्या पलटणकरांत पहिले नाव येते ते सामाजी हसाजी दिवेकर, म्हणजेच शमुवेल एझकेल दिवेकर यांचे. इंग्रज व म्हैसूर यांच्या दुसऱ्या युद्धात (१७८०-८४) ते टिपूच्या कैदेत सापडले. तेथून जीव वाचून परत आल्यावर त्यांनी १७९६ साली मुंबईत मांडवी भागात आपल्या समाजाची पहिली मशीद बांधली. तीच आपली जुनी मशीद, शाआर हारहमीम, दयेचे द्वार. म्हणजे आपल्या पहिल्या प्रार्थनास्थळाचा पायाच एका पलटणी माणसाने घातला. पण गंमत अशी, की त्यानंतर पलटणीत गेलेल्या बहुसंख्य कुटुंबांना त्या मशिदीचे दर्शन वर्षानुवर्षे होत नसे. पलटणी पुणे, अहमदनगर, बडोदे, अहमदाबाद, डीसा, नसीराबाद अशा फिरत. १८३९ साली इंग्रजांनी एडन आणि कराची घेतल्यावर समुद्रापलीकडचा मुक्कामही वाट्याला येऊ लागला. जेथे पलटण तेथे बिऱ्हाड.

हे बिऱ्हाड म्हणजे लाइनीतील एक दोन खणांची झोपडी. एकोणिसाव्या शतकाच्या बहुतेक काळात पायदळातील शिपायाचा पगार महिना ७ रुपये होता. तो १८९५ साली ९ रुपये झाला. त्यातच शिपायाने स्वतःचे आणि मुलाबाळांचे पोट भरावयाचे. तेव्हा आज आपण ज्याला सहल म्हणतो तशी चैन तेथे कोठली? फिरणे म्हणजे पायी जाणे आणि खाऊ म्हणजे घरून बांधून नेलेली पुरचुंडी.

या घरांची एक मोठी अडचण होती. कोकणात आपल्याला ‘शनिवार तेली’ म्हणत, कारण शनिवारी आपला घाणा बंद. घाणा आपल्या मालकीचा होता, तो बंद ठेवणे आपल्या हातात होते. पलटण आपल्या मालकीची नव्हती. सुट्टी रविवारी, आणि कित्येक छावण्यांत गुरुवारीही. शनिवारी मात्र इतर दिवसांसारखीच कवाईत आणि पहारा. त्यामुळे बाप शनिवारी हुकमाचा ताबेदार, रविवारी मोकळा. आई आणि मुले यांचा शब्बाथ शनिवारी. अशा रीतीने आठवड्याचे दोन वाटे पडले. शनिवार आईचा आणि रविवार बापाचा.

आईचा शनिवार शुक्रवारी दुपारीच सुरू होई. दिवस मावळण्याच्या आत स्वयंपाक उरकावयाचा, दिवा लावावयाचा, मग चुलीला विस्तव नाही. सकाळी मुलांना धुतलेले कपडे घालून ती निघे. छावणीत मशीद नसे, म्हणून एखाद्या सुभेदाराच्या किंवा जमादाराच्या घरी, नाहीतर भाड्याने घेतलेल्या जागेत, चार कुटुंबे जमत. तेवढीच मुलांची फेरी. शब्बाथला गाडीत बसावयाचे नाही, म्हणून तान्हे कडेवर, दुसरे बोटाला आणि तिसरे पुढे धावणारे. ज्यांचा पहारा नसेल ते पुरुष येत. दहा पुरुष भरले तर तेफिल्ला रीतसर होई, न भरले तर जेवढे येत असेल तेवढे म्हणावयाचे. शेमा सर्वांना येत असे. मुलांना सर्वांत आवडे ती शेवटची हातबोशी. वडील माणसापासून सुरू होऊन हातात हात देत आणि ओठाला लावीत ती खाली खाली येत लहानांपर्यंत पोहोचे. ज्याचा बाप बंदूक खांद्यावर घेऊन दारूखान्यावर उभा आहे, त्या पोराचा हातही चार मोठी माणसे हातात घेत. आपण कोणाचे आहोत हे मुलाला समजावयास याहून निराळा धडा कशाला हवा?

रविवार बापाचा. त्या दिवशी गणवेश खुंटीवर आणि मुले खांद्यावर. पुण्यासारख्या मोठ्या छावणीत पाहावयास पुष्कळ असे. गोऱ्या पलटणी चर्चला बँड वाजवीत जात तो थाट रस्त्याच्या कडेला उभे राहून फुकट पाहता येई. नदीवर बंडाचे पाणी आणि त्याच्या काठची बाग होती. पुढे एम्प्रेस गार्डन म्हणून प्रसिद्ध झालेली बाग तर पूर्वी सोल्जर्स गार्डन या नावानेच ओळखली जाई. बाजारात शेंगा, फुटाणे, ऊस घ्यावयास हरकत नव्हती. मांसाचा पदार्थ मात्र बाहेरचा चालत नसे. म्हणून भाकरी किंवा घावन आणि चटणी आईने बांधून दिलेली असे. ‘हे आपण खात नाही’ हे वाक्य मुलांनी प्रथम ऐकले ते मशिदीत नव्हे, असे रविवारी बाजारात बापाच्या तोंडून. शेजारच्या मराठा हवालदाराची आणि मुसलमान नाईकाची मुले बरोबर असत. त्यांच्याशी खेळावयाचे, शेंगा वाटून खावयाच्या आणि तरीही आपले वेगळेपण सांभाळावयाचे, हे त्या मुलांना कोणी भाषण देऊन शिकविले नाही.

सणांच्या दिवसांत फेऱ्या वाढत. नव्याचा सण, मग दारफाळणीचा सण, म्हणजे किप्पूर. त्या दिवशी पांढरे कपडे, दारे बंद, कोणाशी शिवाशिव नाही. लहान मुलांना तो दिवस फार लांब वाटे. पण दुसऱ्या दिवशी शिळा सण! त्या दिवशी गोरगरिबांना दान द्यावयाचे आणि एकमेकांच्या घरी भेटीस जावयाचे. लाइनीतील मुले घरोघर फिरत आणि प्रत्येक घरी हातावर काहीतरी पडे. छावणीत आपली घरे पाचच असली तर पाचांना भेटावयाचे. मुंबईत ज्यांना पन्नास घरे होती त्यांना या पाच घरांची किंमत कळणार नाही.

पलटण हलली म्हणजे सर्वांत मोठी सहल. मुंबई-ठाणे आगगाडी १६ एप्रिल १८५३ रोजी सुरू झाली आणि पुढे रुळांचे जाळे वाढले, परंतु त्यापूर्वी सर्व प्रवास पायी व बैलगाडीने होई. पलटण दिवसाला दहा बारा मैल चाले. पुण्याहून नगर सुमारे सत्तर मैल, म्हणजे आठवड्याचा रस्ता. शिपाई पुढे चालत, मागे सामानाच्या गाड्या, त्यांत भांडीकुंडी, कोंबड्या आणि त्यांवर बसलेली मुले. पहाटे बिगूल, दुपारी तंबू, संध्याकाळी तीन दगडांची चूल. मुलांना ती मौज वाटे. आयांना काय वाटत असेल ते ज्यांनी तान्ह्या मुलासह आठ दिवस बैलगाडीचा प्रवास केला त्यांनाच ठाऊक. वाटेत शनिवार आला तरी मुक्काम थांबत नसे. अशा शनिवारी आई गाडीतच मुलांकडून शेमा म्हणवून घेई, अशी आठवण आपल्यात सांगितली जाते.

आता रजेविषयी. डीसाला जन्मलेल्या मुलाचे आडनाव नागावकर, पण नागाव त्याने पाहिलेले नाही. झिराडकराला झिराड ठाऊक नाही, पेणकराला पेण ठाऊक नाही. आपल्या आडनावांत गाव आहे, आणि पलटणीच्या मुलाला ते गाव म्हणजे केवळ एक शब्द. म्हणून रजा मिळाली की मुंबईपर्यंत यावयाचे, आणि तेथून मचव्यातून, पुढच्या काळात आगबोटीतून, खाडी ओलांडून रेवस किंवा धरमतरला उतरावयाचे. पुढे बैलगाडी. नारळ, सुपारी, भाताची खाचरे, आणि ‘हा अमक्याचा नातू’ म्हणून ओळखणारी माणसे. नवगावच्या किनाऱ्यावर नेऊन मुलांना सांगावयाचे, की येथे आपल्या पूर्वजांचे गलबत फुटले, येथे सात पुरुष आणि सात बायका वाचल्या.

या फेरीचा कळस म्हणजे अलिबागजवळच्या खंडाळ्याचे एलियाहू हन्नाबीचे ठिकाण. तेथील खडकावर हन्नाबीच्या रथाच्या चाकाची व घोड्याच्या टापांची खूण आहे, अशी आपली श्रद्धा. तू बिश्वातला तेथे जावयाचे, पण पलटणीच्या माणसाला रजा काही तिथी पाहून मिळत नसे. म्हणून जेव्हा मिळेल तेव्हा नवस फेडावा असा रिवाज पडला. ताटात भिजवलेले पोहे, गूळ किंवा साखर, खवलेला नारळ, वेलची, पाच प्रकारची फळे, वर गुलाब आणि सब्जा. मालिदा झाला की मुलांच्या ओंजळी भरत. लढाईवर गेलेला बाप सुखरूप यावा म्हणून बोललेला नवस, बाप परत आल्यावर त्याच्याच खांद्यावर बसून मूल फेडावयास जाई. ज्यांचे बाप परत आले नाहीत ती मुलेही गेली असतील. त्यांची नावे आपल्यापाशी नाहीत.

पलटणीचे हे दिवस १८९० च्या दशकात मावळू लागले. सरकारने एकेका जातीच्या स्वतंत्र कंपन्या बनविण्याचे धोरण धरले, आणि आपला समाज इतका लहान की आपली वेगळी कंपनी होणे शक्य नव्हते. शिवाय शिक्षण वाढले होते. हाईम शमुवेल केहिमकर यांच्या खटपटीने १८७५ साली मुंबईत इस्राएली शाळा निघाली. सुभेदाराचा नातू आता बंदुकीऐवजी लेखणी धरू लागला. तरी छावणी सुटली नाही. लष्करी हिशेब खाते, दवाखाने, दारूगोळ्याचे कारखाने, रेल्वे यांत आपली माणसे होतीच. कराचीला १८९३ साली मागेन शालोम उभी राहिली (ती १९८८ साली पाडण्यात आली), पुण्याच्या रास्ता पेठेत १९२१ साली सुक्कथ शेलोमो झाली, अहमदाबादेत १९३४ साली मागेन अब्राहाम. या नकाशाकडे नीट पाहिले तर जेथे छावणी तेथे आपली वस्ती आणि पुढे तेथेच मशीद, हा क्रम ठिकठिकाणी आढळेल.

स्वतंत्र भारतातही ही परंपरा चालली. व्हाइस अॅडमिरल बेंजामिन अब्राहाम सॅमसन खडकवासल्याच्या राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीचे प्रमुख होते, आणि १९६५ च्या युद्धाच्या वेळी भारतीय नौदलाचा ताफा त्यांच्या हाताखाली होता. त्यांच्या कन्या, प्रख्यात नर्तिका लीला सॅमसन, यांचा जन्म १९५१ साली दूर कुन्नूर येथे झाला, यावरूनच लष्करी घराची भटकंती ध्यानात यावी. आमच्यापैकी ज्यांचे बालपण त्या काळात खडकी, देवळाली किंवा पुणे येथे गेले, त्यांनाही दोन वाट्यांचा आठवडा परिचयाचा आहे. शनिवारी वडिलांची ड्यूटी आणि आईबरोबर मशीद, रविवारी वडिलांच्या सायकलच्या दांडीवर बसून बाग.

मग आपण या देशात आलो. लोद, रामला, बीरशेबा, दिमोना, अश्दोद येथे बिऱ्हाडे थाटली आणि आठवडा उलटा झाला. येथे शनिवार सर्वांचा. सरकारी कचेरी बंद, कारखाना बंद, बाप घरी. पलटणीतल्या आईने जो शनिवार एकटीने ओढून नेला तो येथे आपोआप पदरात पडला. आणि रविवार? रविवारी सकाळी बसस्थानकांवर आणि आगगाडीत पाहावे. खाकी कपडे, पाठीवर पिशवी, खांद्यावर बंदूक, आपली मुले-मुली तळावर परत निघालेली असतात. तिकडे रविवार बाप घरी असण्याचा होता, येथे तो मुलगा घरातून जाण्याचा झाला.

नव्या सैनिकांचा शपथविधी म्हणजे आजच्या आपल्या घरांची मोठी सहल. लात्रूनला किंवा पश्चिम भिंतीपाशी आजी-आजोबा, धाकटी भावंडे, सर्व जातात. इतर कुटुंबे आपापले डबे उघडतात, आपणही पुऱ्या, बटाट्याची भाजी, चिकाचा हलवा काढतो. मुलाचे मित्र तो चाखून पाहतात. खंडाळ्याच्या मालिद्याभोवती जी ओंजळ पसरत होती तीच ही ओंजळ, असे आम्हांस वाटते.

ऑक्टोबर २०२३ नंतर राखीव सैनिकांना बोलावणे आले, तेव्हा आपल्याही कित्येक घरांतील तरुण बाप निघून गेले. महिनोन् महिने तान्ह्या मुलांच्या आयांनी एकटीने दिवा लावला आणि मुलांना बोटाला धरून मशिदीत नेले. त्या सुनांना आणि लेकींना आपण काय सांगणार? एवढे तरी सांगता येईल, की हे आपल्या घरात पूर्वीही झाले आहे. डीसाच्या लाइनीत, नगरच्या रस्त्यावर, एडनच्या उन्हात तुमच्या पणज्यांनी हेच केले, आणि मुले मोठी झाली.

म्हणून वाचकांस आमची विनंती आहे. घरात आजोबा-पणजोबांचा गणवेशातील फोटो असेल तर त्याच्या मागे त्यांचा हुद्दा लिहिलाच असेल. त्याखाली पणजीचे नाव लिहा, मुलांची नावे लिहा, कोणते मूल कोणत्या छावणीत जन्मले ते लिहा. ती मुले कोठे फिरावयास जात हे ज्यांना आठवते अशी वडीलधारी माणसे आता थोडी उरली आहेत. त्यांना विचारा आणि नातवंडांना सांगा. मराठीत सांगणे जमत नसेल तर हिब्रूत सांगा. पदकाची नोंद सरकारदरबारी कोठेतरी सापडेल, पण ही नोंद आपल्या घराशिवाय दुसऱ्या कोठेही मिळणार नाही.