घामाचे गुण

महाराष्ट्र पोलीस भरतीच्या मैदानी परीक्षेत मुलांना १६०० मीटर धावावं लागतं. ५ मिनिटं १० सेकंदांच्या आत पोचलात तर २० पैकी २०. पुढे सेकंद वाढतील तसे गुण उतरतात. १०० मीटर धावण्याचे १५, गोळाफेकीचे १५, सगळे मिळून ५०. अमरावती-अकोल्याच्या मैदानांवर पहाटे पळणाऱ्या पोरांना हा तक्ता पाढ्यासारखा पाठ असतो. त्याच मैदानाच्या कडेकडेनं वजन उतरवायला निघालेली काका-काकू मंडळी मनगटावरचं घड्याळ बघत फिरत असतात. तिथंच एका पोरानं विचारलेलं कानावर पडलं, "काका, तुम्हाले कोन मार्क देते जी?" काका म्हणाले, "हे घड्याळच देते ना बाप्पा. अन् घरी गेलो का बायको कापते."

घामाला गुण देण्याची ही पद्धत आली कुठून? मोजणी आपल्याकडे जुनीच. जोर किती मारले, बैठका किती काढल्या, हे आखाड्यात मोजलंच जायचं. १९१४ साली वैद्य बंधूंनी, अंबादासपंत आणि अनंत यांनी, अमरावतीत हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ सुरू केलं. त्याच मंडळाच्या पथकानं १९३६ च्या बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी तिथं जाऊन कबड्डी आणि इतर देशी खेळ करून दाखवले. औंधचे राजे भवानराव पंतप्रतिनिधी यांनी सूर्यनमस्कार संस्थानच्या शाळांत नेले, तेही आकड्यांसकट. पण या सगळ्या हिशेबात एक गोष्ट पक्की होती: आकडा वाढला की खुराकही वाढायचा. शंभराच्या दोनशे बैठका झाल्या तर दूध, तूप, बदाम त्या मानानं चढायचे. मोजायचं ते अंगावर चढवण्यासाठी. आखाड्यातून वजन घटवून आलेल्या पोराला घरी शाबासकी मिळाली नसती, वैद्याकडे नेलं असतं.

गुणांचा तक्ता आला तो अमेरिकेतून, आणि त्याचाही वजनाशी थेट संबंध नव्हता. केनेथ कूपर हे अमेरिकी हवाई दलातले डॉक्टर. कोणत्या व्यायामाला शरीर किती प्राणवायू वापरतं ते त्यांनी मोजलं आणि त्यावरून गुण ठरवले. १९६८ साली आलेल्या त्यांच्या 'एरोबिक्स' या पुस्तकात तक्तेच तक्ते होते. एक मैल साडेचौदा ते वीस मिनिटांत चाललात तर १ गुण, आठ मिनिटांच्या आत धावलात तर ५. आठवड्याला ३० गुण जमले की हृदय-फुप्फुसं ठीक. पोहणं, सायकल, धावणं ही एरवी एका मापात न बसणारी कामं त्यांनी एका नाण्यात आणली. माझ्या मते खरा शोध तो. पुढचं सगळं त्या नाण्याचं सुटं करणं.

ते सुटं केलं वेट वॉचर्सनं. न्यूयॉर्कच्या क्वीन्स भागातल्या जीन निडेच या गृहिणीनं घरी मैत्रिणी जमवून एकमेकींना धीर देण्यापासून सुरुवात केली. १९६३ मध्ये त्याची कंपनी झाली. नव्वदीच्या दशकात या कंपनीनं पदार्थांनाच गुण लावले: कॅलरी भागिले ५०, त्यात चरबीची भर, तंतूंची वजावट. दिवसाला खाण्याचे अमुक गुण, त्याच्या आत राहायचं. आणि व्यायाम केला तर जादा गुण मिळणार, ते हवे तर खाण्यात खर्चायचे. भारी माणसाला तेवढ्याच चालण्याचे गुण जास्त, कारण ओझं जास्त वाहिलेलं. इथं आखाड्याचा हिशेब उलटा झाला. घाम म्हणजे कमाई, जेवण म्हणजे उधळपट्टी. छत्री तलावाला फेरी मारून परतीच्या वाटेवर गिला वडा खाणारा अमरावतीकर त्या कंपनीचं नावही न ऐकता हाच व्यवहार करत असतो.

दहा हजार पावलांचा आकडा तर शास्त्रातून आलाच नाही. १९६५ साली जपानच्या यामासा कंपनीनं पावलं मोजणारं यंत्र बाजारात आणलं, त्याचं नावच 'दहा हजार पावलांचा मापक' असं होतं. २०१९ मध्ये वयस्कर बायकांवर झालेल्या एका मोठ्या अमेरिकी अभ्यासात साडेसात हजारांच्या आसपास फायदा थांबलेला दिसला. घड्याळांनी मात्र दहा हजार सोडले नाहीत.

आपल्याकडे डॉ. जगन्नाथ दीक्षितांनी हिशेबच काढून टाकला: दोनदा जेवा, ४५ मिनिटांत साडेचार किलोमीटर चाला. वऱ्हाडात हे घरोघर पोचलं, त्याचं एक कारण मला तरी हेच वाटतं की त्यात बेरीज करावी लागत नाही. गंमत म्हणजे हे चालणं कूपरच्या १९६८ च्या तक्त्यात घातलं तर दिवसाला तीनेक गुण, आठवड्याला विसेक भरतात. तीसला पोचत नाही.

आणि कावड? श्रावणात शेवटच्या सोमवारी अकोल्याची मंडळी गांधीग्रामहून पूर्णेचं पाणी राजराजेश्वराला आणतात, सतरा-अठरा किलोमीटर. सत्तर किलोचा माणूस नुसता रिकाम्या खांद्यानं एवढं चालला तरी नऊशेच्या आसपास कॅलरी खर्च होतात, म्हणजे चरबी सव्वाशे ग्रॅमही नाही. वाटेतला फराळ त्यात धरलेला नाही. व्यायामानं वजन उतरवू बघणाऱ्यांनी हा आकडा आधी बघावा, मग मनगटाकडे बघावं.

भरतीच्या पोराचे गुण निवड झाली की संपतात. पण खात्यात गेल्यावर दुसरा तक्ता असतोच: बीएमआय मर्यादेत राखणाऱ्या पोलिसाला महिन्याला २५० रुपये तंदुरुस्ती भत्ता. तेवढ्यात गिला वड्याच्या चार-सहा प्लेटा येतात.