अश्वपरिचर्या : खरारा व मालिश

घोड्याच्या अंगावरील धूळ, घाम व गळालेले केस काढून त्याची कातडी स्वच्छ ठेवणे आणि हातांनी स्नायू चोळून व दाबून त्याचा शीण घालविणे, या नित्यकर्मास अश्वपरिचर्या म्हणता येईल. मराठीत पहिल्या क्रियेस ‘खरारा करणे’ व दुसरीस ‘मालिश करणे’ असे शब्द रूढ आहेत. खरारा हे दातेरी साधन असून मालिशीस मात्र माणसाच्या हाताखेरीज दुसरे काही लागत नाही. या क्रियेचे मूळ घोड्याच्या स्वभावातच आहे. कळपातील घोडे एकमेकांच्या मानेचा बुंधा व त्यामागील उंचवटा दातांनी खाजवितात. फ्रान्समधील कामार्ग जातीच्या घोड्यांवर झालेल्या व १९९३ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात, नेमक्या याच जागी हाताने खाजविल्यास घोड्याच्या हृदयाचे ठोके मंदावतात, असे आढळून आले.

भारतात अश्वविद्येचा आद्य आचार्य म्हणून शालिहोत्राचे नाव परंपरेने सांगितले जाते. घोड्याच्या वैद्यास मराठीत ‘सालोत्री’ म्हणत, तो शब्द या नावावरूनच आला. जयदत्ताचा अश्ववैद्यक हा ग्रंथ व नकुलाच्या नावावर असलेले अश्वशास्त्र हीही प्रसिद्ध आहेत. या वाङ्‌मयात घोड्याचे रंग, अंगावरील भोवरे व त्यांचे शुभाशुभ फळ, रोग आणि औषधे यांना मोठे स्थान आहे. रोज घोडा चोळणाऱ्या माणसाचा अनुभव त्या मानाने फारच थोडा उतरला आहे. कौटिलीय अर्थशास्त्र याला काहीसे अपवाद ठरते. त्यातील अश्वाध्यक्षाच्या प्रकरणात घोडे बांधणारा, चारा घालणारा, खाणे शिजविणारा, केस कापणारा अशा सेवकांची यादीच दिली असून कामात कसूर करणाऱ्याचे त्या दिवसाचे वेतन कापावे, असे म्हटले आहे. घोड्यांना दिवसातून दोनदा स्नान घालावे, असेही तेथे सांगितले आहे. इ. स. पू. चौथ्या शतकातील ग्रीक लेखक झेनोफन याने आपल्या अश्वारोहणविषयक ग्रंथात घोड्याच्या पाठकण्यावर कोणतेही साधन न वापरता केसांच्या कलाने केवळ हात फिरवावा, असा सल्ला दिला आहे. तो स्वतः घोडदळातील माणूस असल्याने त्याचे हे विवेचन अनुभवाचे वाटते.

मराठ्यांच्या इतिहासात या परिचर्येला राजकीय महत्त्व आले. बारगिराचा घोडा सरकारी पागेचा असे, तर शिलेदाराचा स्वतःचा. शिलेदाराचा घोडा मेला वा लंगडा झाला, तर त्याची उपजीविकाच बुडे. घोड्याची पाठ व पाय राखणे ही त्याच्या दृष्टीने हौस नव्हती. सभासदाच्या बखरीत शिवकालीन पागेची रचना दिली आहे. पंचवीस बारगिरांवर एक हवालदार, आणि त्यांच्या घोड्यांसाठी एक पखालजी व एक नालबंद अशी ती होती. शिवाजी महाराजांनी चिपळूणच्या छावणीतील जुमलेदार-हवालदारांना लिहिलेल्या प्रसिद्ध पत्रातही पावसाळ्यात दाणा व गवत जपून वापरावे, ते संपले तर घोडे मरतील आणि ते तुम्हीच मारल्यासारखे होईल, अशी कडक ताकीद आहे. पाणी, नाल, दाणा व गवत यांचा हिशेब असा कागदावर आला. प्रत्यक्ष खरारा करणारा मोतद्दार मात्र बहुधा निरक्षर असल्याने त्याचे कसब बापाकडून मुलाकडे हातोहातच गेले.

या कसबाची खरी परीक्षा लांबच्या स्वाऱ्यांत होई. नागपूरकर भोसल्यांच्या राज्यात आजचा भंडारा जिल्हाही मोडत असे. तेथे आंधळगावसारख्या गावांच्या परिसरात भातशेतीची कामे बैल व रेडे करीत. घोडा हे मुख्यतः स्वारीचे जनावर होते. रघूजी भोसल्यांच्या फौजांनी १७४२ ते १७५१ या काळात बंगालवर स्वाऱ्या केल्या. तेथील लोकस्मृतीत त्यांचे स्वार ‘बर्गी’ या नावाने राहिले. हा शब्द बारगीर या शब्दाचाच अपभ्रंश होय. अशा दौडीत खोगिराखाली घाम व धूळ साचून पाठीला जखमा होत. निरुपयोगी भरण्यास मराठीत ‘खोगीरभरती’ म्हणतात, हा त्या वस्तूवर अन्यायच म्हटला पाहिजे. घोड्याचा कणा वाचत असे तो त्या भरतीमुळेच.

१८१८ मध्ये पेशवाई संपुष्टात आल्यावर बहुतेक पागा मोडल्या. तथापि शिलेदारीची पद्धत इंग्रजांच्या हिंदी घोडदळात पहिल्या महायुद्धानंतरच्या पुनर्रचनेपर्यंत टिकून होती. मुंबईत १८८६ साली पशुवैद्यकीय महाविद्यालय निघाले आणि सालोत्र्याची जागा पदवीधर पशुवैद्याने घेतली. मोतद्दाराच्या विद्येला मात्र असे विद्यालय लाभले नाही. मोतद्दाराला सईस म्हणू लागले, एवढाच काय तो फरक. अंग चोळणे या अर्थाचा ‘चांपणे’ हा भारतीय शब्द इंग्रजीत जाऊन ‘शांपू’ झाला व पुढे केस धुण्याच्या द्रव्याचे नाव बनून परत आला.

विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात पाश्चात्त्य देशांत अश्वमालिश हा स्वतंत्र व्यवसाय बनला. अमेरिकेत जॅक मेहर याने खेळाडूंवरील मालिशीची तंत्रे घोड्यांना लागू केली व १९८५ साली त्यावर पुस्तक प्रसिद्ध केले. मालिशीने स्नायूंचा ताठरपणा कमी होतो व घोडा शांत होतो, याला काही प्रयोगांचा आधार आहे. तिने रोग बरे होतात, या दाव्याला तसा आधार नाही. ताप, ताजी जखम वा तापलेली सूज असताना स्नायू चोळणे अपायकारक ठरू शकते. अशा वेळी पशुवैद्यास दाखविणे आवश्यक असते. महाराष्ट्रात मुंबई-पुण्याच्या शर्यतींच्या तबेल्यांत, माथेरानच्या घोडेवाल्यांकडे आणि नंदुरबार जिल्ह्यातील सारंगखेडे येथे दत्तजयंतीस भरणाऱ्या घोडेबाजारात खरारा आजही पाहावयास मिळतो. गिऱ्हाईक येण्यापूर्वी विक्रेता घोड्याच्या अंगावर हात फिरवून त्याला चकाकी आणतो, आणि जाणते गिऱ्हाईक ती चकाकी न पाहता स्वतःचा तळवा घोड्याच्या पाठीवरून दाबत नेते. दुखऱ्या जागी घोडा अंग चोरतो.