टर्बोचे कूळ

स्पोर्ट्स कारच्या साध्या, म्हणजे वातावरणाच्या दाबानेच हवा घेणाऱ्या, इंजिनाला टर्बो जोडण्याची विद्या मोटारशर्यतींच्या पोटी जन्मली, असे सरसकट मानले जाते. परंतु माधवनगरची कॉटन मिल आणि सांगलीचा साखर कारखाना यांच्या परिसरात ज्याला यंत्रांचा नाद जडला, त्याला ही वंशावळ मान्य होणे कठीण आहे; माझ्या मते टर्बोचे कूळ साखरेच्या धंद्यात आहे.

प्रतिपक्ष कापडाच्या बाजूने दाखला देतो: अमेरिकेत कॉनर्सव्हिल येथे लोकरीची गिरणी चालवणाऱ्या रूट्स बंधूंचा १८६० चा ब्लोअर हा मूळपुरुष, आणि इंजिनात बळेच हवा भरण्याचे पेटंट गॉटलीब डाइमलरने १८८५ मध्ये घेतले तेव्हा वंश मोटारीत उतरला. पण ब्लोअर इंजिनाच्याच दांड्यावर फिरतो व निर्माण झालेल्या शक्तीतून आपला वाटा आधी वसूल करतो. टर्बो वाया जाणाऱ्या धुराला कामाला लावतो. हा धर्म साखरेच्या धंद्यात पूर्वीच रुजला होता. न्यू ऑर्लिन्सच्या नॉर्बर्ट रिलियूने १८४३ मध्ये पेटंट घेतलेल्या पद्धतीत एका पात्रातील रसाची वाफ पुढच्या, कमी दाबाच्या पात्रातला रस आटवते. म्हणूनच निर्वात केलेल्या शेवटच्या पात्रात रस सुमारे ५५ अंशांवरच उकळताना दिसतो.

टर्बोचे १९०५ चे पेटंट घेणारा आल्फ्रेड ब्यूखी हा सुल्झर कंपनीच्या बाष्पयंत्रांसाठी विख्यात असलेल्या विंटरथूरचा. त्याच्या आराखड्यात कॉम्प्रेसर, इंजिन व टर्बाइन एकाच दांड्यावर होती. अशी मांडणी वाफेच्या काटकसरीत मुरलेल्या मनालाच सुचावी, असा माझा पक्का कयास आहे.

पुढे १९१८ मध्ये सॅनफर्ड मॉस यांनी पाइक्स पीक या शिखरावर विमानाच्या इंजिनाला टर्बो लावून दाखवला, आणि मग तो जहाजांच्या डिझेल इंजिनांवर आला.

मोटारीत खरी अडचण उष्णतेची. दाबलेली हवा तापते, मिश्रण आपोआप पेटते आणि इंजिन ठोके देऊ लागते. १९६२ च्या ओल्ड्समोबिल जेटफायरने १०.२५:१ हे चढे कॉम्प्रेशन कायम राखून पाणी व मेथनॉल यांच्या फवाऱ्याची तजवीज केली, आणि टाकी वेळेवर भरण्याचा भार मालकावर टाकला. १९७३ च्या बीएमडब्ल्यू २००२ टर्बोने कॉम्प्रेशनच ९.५ वरून ६.९ वर आणले. शक्ती १३० वरून १७० अश्वशक्तींवर गेली, परंतु टर्बाइनला पुरेसा धूर मिळेपर्यंत गाडी सुस्त राहू लागली.

ही सुस्ती ब्लोअरच्या वंशात नाही. साखर कारखान्यात मात्र पहिल्या पात्रात वाफ धरल्याखेरीज दुसरे तापत नाही; टर्बोचे कूळ ठरवताना मी हीच अंगखूण निर्णायक मानतो.