लग्नाचा कागद नसलेल्या बाईचा कायदा

पोशेऱ्याच्या एखाद्या पाड्यावरून रात्री मार खाऊन निघालेली बाई कुठे जाईल? माहेरी. माहेर लांब असलं तर आधी शेजारणीकडे. कौटुंबिक हिंसेविरुद्धच्या कायद्याचा इतिहास आपण मुंबई-पुण्यापासून सांगतो. तो मोखाड्यातल्या या बाईपर्यंत कसा पोचला, हे विचारायचं राहून जातं.

जून १९८२मध्ये पुण्यात मंजुश्री सारडा यांचा मृत्यू झाला. विद्या बाळ आणि नारी समता मंचाच्या कार्यकर्त्यांनी ‘मी एक मंजुश्री’ हे प्रदर्शन गावोगाव नेलं आणि घरातली गोष्ट चव्हाट्यावर आली. १९८३च्या अखेरीस भारतीय दंडविधानात कलम ४९८-अ आलं. १९८४ साली टाटा समाजविज्ञान संस्थेने मुंबई पोलिसांच्या कचेरीतच महिलांसाठी विशेष कक्ष उघडला. पोलिसांच्या आवारात बाईचं ऐकून घेणारं माणूस बसलं, ही तेव्हा नवी गोष्ट होती.

पण ४९८-अ म्हणजे ‘नवरा आणि त्याचे नातेवाईक’. आणि लग्न झालंय हे सिद्ध कोणी करायचं? १९५५चा हिंदू विवाह कायदा अनुसूचित जमातींना आपोआप लागू होत नाही. शिवाय या भागात लग्नाचा खर्च ही जुनी दुखरी नस आहे. डहाणू-उंबरगावकडचे वारली लग्नासाठी सावकाराकडून कर्ज काढत आणि त्यापायी नवराबायको दोघंही ‘लग्नगडी’ म्हणून त्याच्याकडे राबत. १९४५च्या वारली उठावाने ही वेठ मोडली, खर्च मात्र राहिला. म्हणून आजही अनेक जोडपी आधी संसार मांडतात आणि लग्न पुढे कधीतरी, कधीकधी सामुदायिक सोहळ्यात, लावतात.

२६ ऑक्टोबर २००६ला अंमलात आलेल्या कौटुंबिक हिंसाचार कायद्याने नेमकी ही गाठ सैल केली. ‘लग्नासारखं नातं’ही त्यात धरलं. राहत्या घरात राहायचा हक्क दिला, घर कोणाच्याही नावावर असो. नियमांसोबत जोडलेल्या पाचव्या नमुन्याचं नावच ‘सुरक्षा योजना’ आहे. काय घडलं, पुढे कशाची भीती आहे, सुरक्षिततेसाठी काय हवं, हे बाईशी बोलून संरक्षण अधिकारी त्यात भरतो.

आणखी एक कलम इथल्यासाठी मोलाचं आहे: सत्तावीस. दिवाळीनंतर मोखाड्यातली घरंच्या घरं भिवंडी-वसईकडच्या वीटभट्ट्यांवर जातात. उचल जोडीने घेतलेली असते. तिथे माहेर नाही, ओळखीची शेजारीण नाही. या कलमानुसार बाई तात्पुरती जिथे राहते किंवा काम करते, तिथल्या न्यायालयातही तिला दाद मागता येते. आदेश मिळाला की तो देशभर चालतो. वकिलाचा खर्चही नको. महिला आणि अनुसूचित जमातीची व्यक्ती म्हणून १९८७च्या कायद्याने मोफत विधी सहाय्य तिचा हक्क आहे.

मात्र कागदावरच्या योजनेआधी बाईची स्वतःची योजना लागते. भट्टीचं नाव आणि गाव तोंडपाठ असणं. आधार, रेशनकार्ड, जातीचा दाखला यांच्या प्रती विश्वासातल्या कोणाकडे ठेवणं. थोडे पैसे वेगळे. रात्री कोणाचं दार वाजवायचं, पोरांना कोण उचलणार, हे आधीच ठरलेलं. ११२ आणि १८१ हे दोन आकडे पाठ. आशाताई किंवा अंगणवाडीताईंच्या कानावर एकदा घातलेलं.

त्या शेजारणीने दार उघडलं नाही, तर सत्तावीस कलमापर्यंत कोणी पोचत नाही.