तुरुंगाच्या रजिस्टरातली जात

तुरुंगात जात बाहेरून चिखलासारखी पायाला चिकटून आली असं आपण धरून चालतो. तसं नाही. ती कारभाराच्या सोयीसाठी साहेबाने लेखणीने लिहून आत घेतली.

आधी कैद्याला पैसे मिळायचे, ज्याने त्याने आपली चूल मांडायची. 1840 नंतर बंगाल इलाख्यात सरकारने एकत्र स्वयंपाक सुरू केला आणि बिहारच्या तुरुंगांत दंगे झाले. 1855 साली आरा आणि मुजफ्फरपूरला पितळी लोटे काढून मातीची भांडी दिली, पुन्हा आग. मुजफ्फरपुरात तर बाहेरची रयत कैद्यांच्या बाजूने धावली. शेवटी साहेबाने लोटे परत केले. विटाळाच्या भीतीपुढे सरकार वाकलं! मग हिशोब सोपा होता : जात मोडायची तर पहारा वाढवा, जात पाळली तर तुरुंग स्वस्तात चालतो.

1894 चा तुरुंग कायदा आला, प्रांताप्रांतांनी नियमांची पुस्तकं केली. बंगालच्या पुस्तकात रांधायचं काम 'योग्य जातीच्या' कैद्याला, संडासाचं मेहतर नाहीतर हाडी जातीच्या कैद्याला. उत्तर प्रदेशात साध्या कैदेवाल्याला हलकं काम सांगायचं नाही. पण ज्या जमातीला त्या कामाची 'सवय' आहे, तिच्यातला असेल तर सांगायचं. सवय म्हणे! मैला उपसायची सवय कोणाच्या आईच्या पोटातून येते?

1950 साली घटनेच्या 17 व्या कलमाने अस्पृश्यता गाडली. पुस्तकं मात्र जेलरच्या टेबलावर तशीच राहिली. उत्तर प्रदेशाने 2022 साली नवं पुस्तक छापलं, त्यातही 'सवय' होतीच. बहात्तर वर्षांत एकाही बड्या अधिकाऱ्याला ती ओळ खुपली नाही, कारण टोपली त्याच्या डोक्यावर नव्हती.

पत्रकार सुकन्या शांता यांनी हे उकरून काढलं आणि सुप्रीम कोर्टात नेलं. 3 ऑक्टोबर 2024 ला कोर्टाने हे नियम घटनाबाह्य ठरवले, कच्च्या आणि शिक्षा झालेल्या कैद्यांच्या रजिस्टरातला जातीचा रकाना काढायला सांगितला, पुस्तकं सुधारायला तीन महिने दिले. तपासणी करायची जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाने आणि अभ्यागत मंडळाने.

पण तोंडी वाटणी कुठल्याच पुस्तकात सापडत नाही. वस्तीतला कोणी पोरगा सुटून आला तर चहा पाजून विचारा, सकाळी झाडू कोणाच्या हातात दिला जायचा आणि पळी कोणाच्या. बराक, तारीख, सगळं लिहून घ्या आणि तो कागद प्राधिकरणाच्या कचेरीत देऊन पोच मागा.